हामुनेईला हाक

शनिवारी सकाळी दहा वाजता चिरुमे यांनी तक्रारीचं शुल्क म्हणून पाय बांधलेली कोंबडी मुखियाच्या पुढ्यात ठेवली, तळव्यावर तळवा आपटून तीनदा मानाची टाळी दिली आणि शेजारणीविरुद्धची तक्रार मांडायला सुरुवात केली.

रानउंबराखाली त्या वेळी आठ माणसं होती. जिच्याविरुद्ध तक्रार होती ती माई शोराई, म्हणजे शोराईची आई, बायकांच्या चटईवर पाय दुमडून बसली होती. तिचा कुत्रा वीसेक पावलांवर, मुखियाच्या कणगीपाशी उन्हात पडला होता. त्याला कोणी आणलं नव्हतं. तो तिच्या मागोमाग आपणहून आला होता. वाटेत तो दोनदा खाली बसला. तिने ते पाहिलं होतं, पण सकाळपासून डोक्यात तक्रारच घोळत असल्याने तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

"ह्या बाई," चिरुमे म्हणाले, "रोज संध्याकाळी पाच वाजता माझ्या घराकडे तोंड करून उभ्या राहतात आणि ओरडतात."

"काय ओरडतात?" मुखिया झिंदोगांनी विचारलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण रीत म्हणून विचारावं लागतं.

"हामुनेई."

"ते कुत्र्याचं नाव आहे, मोयो." मुखिया माणसांना त्यांच्या कुळाच्या नावानेच हाक मारत. चिरुमे मोयो कुळातले होते.

"कुत्र्याचं आहे ते मला कळतं. कोणासाठी ठेवलंय तेही कळतं. तुम्हालाही कळतं."

बायकांच्या चटईवर कोणीतरी खोकलं.

हामुनेई म्हणजे 'तुमचा काय संबंध'. मुलांची नावं लोक मुलांसाठी ठेवतात. कुत्र्याचं नाव मात्र शेजाऱ्यासाठी असतं. जे तोंडावर बोलता येत नाही ते कुत्र्याला चिकटवायचं आणि दिवसातून दोनदा मोठ्याने म्हणायचं. ज्याला लागायचं त्याला लागतं, आणि त्याने जाब विचारला तर उत्तर तयारच असतं: मी माझ्या कुत्र्याला बोलावतेय.

माई शोराईच्या नवऱ्याला पुरलं त्या दिवशी, बारा वर्षांपूर्वी, चिरुमे पुरुषांच्या बाकावर बसून म्हणाले होते की सहा महिन्यांत ह्या शेतात गुडघाभर गवत माजेल. ते हळू बोलले होते. पण स्वयंपाकघराची भिंत मातीची होती आणि माई शोराई भिंतीच्या पलीकडे होती. तीन महिन्यांनी तिने पिल्लू आणलं, तांबूस, एक कान पडलेलं, आणि पहिल्याच संध्याकाळी शेराच्या कुंपणापाशी उभं राहून त्याला नावाने हाक मारली. पुढच्या वर्षी चिरुमेंनी पिल्लू आणलं. त्याचं नाव टिचाओना, म्हणजे 'बघूच'. चारपाच वर्षं रोज संध्याकाळी कुंपणाच्या अलीकडून 'तुमचा काय संबंध' आणि पलीकडून 'बघूच' असं चाललं. गाव त्यावर घड्याळ लावायचं. शेतात गवत माजलं नाही. मग टिचाओनाला नाग चावला. चिरुमेंनी दुसरा कुत्रा आणला नाही, आणि दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती ती तशीच राहिली.

"बारा वर्षं मी ऐकून घेतलं," चिरुमे म्हणाले.

"ऐकून घेतलं? टिचाओना काय माझा होता?" माई शोराईने मान खाली ठेवूनच मुखियांना विचारलं.

हसू फुटलं. चिरुमेही किंचित हसले असावेत. त्यांनी टोपी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"बरं. ते राहू दे. मी त्याबद्दल आलो नाही. आमची ही एप्रिलमध्ये गेली, तुम्ही सगळे होता. आधी ह्या बाईंची हाक एकच असायची, हळू. मला ऐकूही यायची नाही कधीकधी. मे महिन्यापासून पाच वेळा, सहा वेळा. परवा तर पातेलं वाजवलं. मी घरात एकटा बसलेला असतो. बाहेरून एकच ऐकू येतं, तुमचा काय संबंध, तुमचा काय संबंध." त्यांनी टोपी दोन्ही हातांत धरली. "माणूस गेलेल्या घरावर असं ओरडायचं असतं का?"

आता कोणी हसलं नाही. माई शोराईने पहिल्यांदा मान वर केली. चिरुमे तिच्याकडे पाहत नव्हते. त्यांच्या सदऱ्याच्या गळ्याचं बटण तुटलेलं होतं आणि त्या जागी सेफ्टी पिन होती. तिने कमरेच्या कापडाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"चिहेरा, तुमचं काय?" मुखियांनी विचारलं. एलंड हरणाच्या कुळातल्या बाईला चिहेरा म्हणतात, आणि त्या कुळातल्या बायका भांडणात माघार घेत नाहीत असा त्यांचा लौकिक आहे. मुखिया सावरून बसले.

"मी त्यांच्यावर नाही ओरडत, बाबा. कुत्र्यावर ओरडते. तो येत नाही म्हणून ओरडते. म्हातारपणी माज आलाय त्याला."

"आधी यायचा?"

"पहिल्या हाकेला."

"कधीपासून येत नाही?"

"कापणी झाल्यापासून."

"मग असतो कुठे?"

"मला काय माहीत. भटकतो. अंधार पडायच्या आत येतो आपला, पाय ओढत, तोंड पाडून, जसं काही मीच त्याचं काही खाल्लंय."

मुखियांनी कणगीकडे पाहिलं. मग चिरुमेंकडे पाहिलं. चिरुमे टोपीची कड चाचपत होते.

"मोयो, तुम्हाला माहीत आहे का, कुठे असतो तो?"

चिरुमेंनी टोपी मांडीवर ठेवली.

"माझ्या गोठ्याच्या भिंतीशी."

"तुमच्या?"

"पश्चिमेची भिंत आहे. दुपारी ऊन असतं तिथे. कुंपणात भोक आहे, तिथून येतो."

"म्हणजे ह्या बाई तुमच्या घराकडे तोंड करून हाक मारतात ते बरोबरच आहे. कुत्रा तिथेच आहे."

"त्यांना कुठे ठाऊक होतं तिथे आहे ते? त्या बारा वर्षं तिकडेच तोंड करून मारतायत."

मुखियांची बायको मागच्या बाजूला भुईमूग निवडत होती. तिने तोंडावर पदरासारखं कापड धरलं.

"हाकलला का नाही त्याला?"

"का हाकलू? गरीब आहे. उरलंसुरलं घालतो, खातो." चिरुमेंचा आवाज जरा सैल झाला. "खरं सांगू का, त्याला तिकडे जायचंच नसतं. ह्या बाई ओरडतात आणि हा मानसुद्धा वर करत नाही. मी म्हटलं, असू दे. त्यालाही कळत असेल काहीतरी."

त्या आवाजात थोडं समाधान होतं. माई शोराईला ते स्पष्ट ऐकू आलं. तक्रारीपेक्षा तेच तिला जास्त लागलं. दोन महिने तिचा कुत्रा त्या माणसाच्या भिंतीला पाठ लावून तिची हाक ऐकत होता आणि उठत नव्हता. जूनच्या सुरुवातीला एकदा तो उशिरा आला तेव्हा तिने सद्झा, म्हणजे मक्याची घट्ट उकड, ढवळायच्या लाकडी पळीने त्याला दोन ठेवून दिल्या होत्या. आता तिला वाटलं, दोन कमीच होत्या.

"बोलवा त्याला," मुखिया म्हणाले. "इथे. आमच्यासमोर."

"हामुनेई," ती म्हणाली.

कुत्रा पडून राहिला.

"हामुनेई!"

"बघा," चिरुमे म्हणाले.

त्याच वेळी मुखियांच्या बायकोच्या मांडीवरचं घमेलं निसटलं आणि दगडावर पडलं. उंबरावरची पाखरं उडाली. चटईवरची दोन माणसं दचकून मागे वळली. मुखियांची शेळी दावं ताणून उभी राहिली. घमेलं गोल फिरत फिरत कुत्र्यापासून हातभर अंतरावर जाऊन थांबलं, आणि कुत्रा झोपलेलाच होता.

चिरुमे उठले. सत्तावीस वर्षं त्यांनी सरकारी हौदावर काढली होती, जिथे गुरांना गोचिडांच्या औषधातून पोहवून काढतात. जनावराच्या कानात त्यांनी जितकं पाहिलं होतं तितकं गावात कोणी पाहिलं नव्हतं. ते लांबून वळसा घेऊन कुत्र्याच्या मागच्या बाजूला गेले, एका गुडघ्यावर टेकले आणि त्याच्या कानाशी टाळी वाजवली, तशीच, मुखियांना दिली होती तशी. काही झालं नाही. मग त्यांनी टाच जमिनीवर आपटली.

कुत्रा दचकून जागा झाला. त्याने आधी भलत्याच दिशेला पाहिलं. मग चिरुमे दिसले तेव्हा शेपटी दोनदा आपटली. मग चटईवरची माई शोराई दिसली. तो उठायला लागला. मागचे पाय पहिल्या खेपेला उठले नाहीत, दुसऱ्या खेपेला उठले. तो सगळ्या माणसांमधून चालत तिच्यापाशी आला आणि त्याने हनुवटी तिच्या गुडघ्यावर ठेवली.

चिरुमे तिथेच गुडघ्यावर होते.

"त्याला ऐकू येत नाही," ते मुखियांना म्हणाले, कारण तिच्याशी ते बोलत नसत. "अजिबात नाही."

माई शोराईने हात त्याच्या डोक्यावर ठेवला नाही. तो तिने आपल्याच मांडीवर उलटा ठेवला, आणि कुत्र्याने तो चाटला.

"मग तक्रारीचं काय करायचं?" मुखियांनी विचारलं.

"मागे घेतो."

"कोंबडी?"

"राहू दे तुमच्याकडे." चिरुमे गुडघे झटकत उठले. "हाडं मात्र त्याला घालू नका कोणी. कोंबडीचं हाड आतड्यात टोचतं."

मुखियांनी निकाल दिला. ज्याला ऐकू येत नाही त्याला हाक मारण्यात अर्थ नाही, तेव्हा चिहेरांनी हाक बंद करावी. कुत्रा पाचच्या सुमाराला मोयोंनी परत पाठवावा. कसा, ते त्यांचं त्यांनी बघावं.

"चिहेरा, काही म्हणायचंय?"

तिने नाही अशी मान हलवली. एलंड कुळातली बाई काही न बोलता चटईवरून उठली, हे गावाने नीट पाहून ठेवलं.

*

घरी जाताना ती हळू चालली. तो बसला की ती थांबे. अर्धा मैल जायला त्यांना तासभर लागला.

अंगणात तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि उजेडाकडे वळवलं. डोळ्यांवर निळसर साय होती. हे तिने आधी पाहिलं होतं, आणि चुलीचा धूर लागला असेल म्हणून सोडून दिलं होतं. मागच्या दाढा पार झिजल्या होत्या. सुकी मासळी तो खाली टाकायचा. त्याला चटक लागली बाहेरची, असं ती सगळ्यांना सांगत होती. कणगीखालच्या आपल्या जागेवर तो झोपत नव्हता, कारण तिथे वाकून शिरावं लागे. तो गेटावर भुंकत नव्हता. आणि ती म्हणायची, आळशी झालाय. प्रत्येक गोष्टीला तिने त्याचा एकेक दोष शोधून ठेवला होता, आणि एकही दोष त्याचा नव्हता.

त्या संध्याकाळी सद्झा ढवळताना तिचा हात मध्येच थांबला. तिने पळी बाहेर काढून भिंतीला टेकवली आणि बाकीचं पीठ चमच्याने घोटलं. चमचा लहान होता. गाठी राहिल्या.

जूनअखेरची थंडी पहाटे हाडात शिरते. कुत्र्याने स्वयंपाकघरात यायचं नसतं. तिथे भिंतीशी मडक्यांचा ओटा असतो, घरातल्या गेलेल्यांची ती जागा, आणि तिचा नवरा पुरायच्या आदल्या रात्री त्याच ओट्यापाशी ठेवला होता. तिने दाराच्या आतली बाजू झाडली. दोन पोत्यांत मक्याची सालपटं भरली, हाताने चेपून पाहिली, आणखी भरली. मग ओट्यापुढे बसून तळहात वाकवून हलकी टाळी दिली.

"थंडी आहे," ती म्हणाली. "थंडी संपेपर्यंत."

कुत्रा पोत्यावर तीनदा गोल फिरला आणि पडला. लगेच घोरायला लागला. ती चहाचा पेला घेऊन बराच वेळ ते ऐकत बसली, आणि तिला बरं वाटलं. बारा वर्षांत तो घोरतो हे तिला कळलं नव्हतं.

रविवारी पाच वाजता ती शेराच्या कुंपणापाशी उभी राहिली आणि गप्प राहिली. मुखियांची बायको पुढे सांगत होती की त्या दिवशी आपण सद्झाचं पाणी ठेवलंच नाही, कारण हाक आली नाही. माई शोराईने पिठाच्या पिशवीचं पांढरं फडकं डोक्यावर धरून हलवलं. कुंपणाच्या पलीकडे, गोठ्याच्या भिंतीशी बाकावर बसलेले चिरुमे उठले. त्यांनी कुत्र्याजवळ टाच आपटली. कुत्र्याने मान वर केली. चिरुमेंनी कुंपणाकडे बोट दाखवलं. तो निघाला.

असं आठवडाभर चाललं. कोणी कोणाशी बोललं नाही.

मग एका सकाळी तिला कुऱ्हाडीचा आवाज आला. चिरुमे कुंपण तोडत होते. ती शेंगा टाकून धावली. हद्दीवरून ह्या गावात पूर्वी रक्त सांडलं होतं, आणि धावता धावता काय बोलायचं ते सगळं तिने मनाशी जुळवलं होतं. ती पोचली तेव्हा चिरुमे भोकापाशी वाकून खालच्या फांद्या छाटत होते. भोक आता वासरू जाईल एवढं झालं होतं. तोडलेल्या टोकांतून पांढरा चीक त्यांच्या मनगटावर ठिबकत होता, आणि ते त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसायच्या बेतात होते.

"चीक डोळ्यात जाईल," ती म्हणाली.

ते थांबले. हात तसाच हवेत राहिला.

"मग पाणी आणा की, वहिनी," ते म्हणाले.

तिने पाणी आणलं. ती ओतत होती, ते हात चोळत होते. चीक लवकर निघत नाही. तिला आणखी एक तांब्या आणावा लागला.

"काल अडकला होता इथे," चिरुमे म्हणाले. "मागचा भाग वर उचलत नाही त्याला. मी ढकलला. ओशाळला बिचारा."

"तुम्हाला चावला नाही?"

"दात कुठे आहेत."

ती हसली. मग तिला आठवलं की आपण ह्यांच्याशी बोलत नाही, पण तोवर उशीर झाला होता.

"खायला जमिनीवर ठेवू नका," ते म्हणाले. "विटेवर ठेवा. दोन विटा. मान खाली घालताना पुढच्या पायांवर भार येतो. आणि कोमट द्या. बाजूने येऊ नका त्याच्या, समोरून या, म्हणजे दचकणार नाही. तुम्ही हे सगळं आधीच करत असाल."

"विटांचं नव्हतं सुचलं."

"तुमच्या घरात शिकलेलं माणूस नाही ना कोणी."

"आणि तुमच्याकडे सगळे गोचिडांकडून शिकलेले."

चिरुमेंनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली. ती जायला वळली, आणि मग तिने विचारलं. तिचा मुलगा शोराई, त्याचा बुलावायो शहरातून फोन आला होता. तो म्हणाला होता, आई, एवढं काय करत बसतेस, दोरी लावून कोणाला तरी रानात न्यायला सांग, मी ख्रिसमसला नवं पिल्लू आणतो. तो काही दुष्ट नव्हता. गावात म्हाताऱ्या कुत्र्याचं तेच करतात, आणि तिनेही लहानपणी ते होताना पाहिलं होतं.

"वेळ झालीय का त्याची?" ती म्हणाली. "तुम्हाला कळत असेल."

"खातो का?"

"पेज खातो. शेंगदाण्याचं लोणी घातलं तर वाटी चाटतो."

"तुम्हाला ओळखतो?"

"शेपटी हलवतो. वासावरून असेल."

"आणि उन्हात आपल्या पायाने येतो, ते मी रोज बघतो." त्यांनी कुऱ्हाड दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मग नाही. ह्या तिन्हींतलं एकेक गळायला लागलं की सांगा मला. दोरीबिरी नको. हौदावर मी हे काम केलंय, जनावराला कळत नाही. मी करीन."

"किती दिवस?"

"बैल असता तर सांगितलं असतं."

*

जुलै चांगला गेला. माई शोराई पुढे विचार करी तेव्हा तिला हाच महिना आठवे. सकाळी ती कुत्र्याच्या मागच्या पायांना गरम फडक्याचा शेक देई. तो डोळे मिटून पाय लांब करी आणि ती हात काढू लागली की पंजाने तिचं मनगट दाबून धरी. मग दोन विटांवर पेज. मग उन्हं भिंतीवरून सरकत तशी त्याची जागा बदले: सकाळी तिच्या स्वयंपाकघराचं दार, दुपारी नव्या भोकातून चिरुमेंच्या गोठ्याची भिंत. दुपारी दोनला तो जाई. पाचला ती फडकं हलवी. काही दिवसांनी तिने फडकं न्यायचं सोडलं, कारण एवढ्या अंतरावरचं त्याला दिसत नसावं, आणि चिरुमे तर तिला बघूनच उठत. मग एकदा कुत्र्याला उठवणं तिच्या जिवावर आलं म्हणून ती भोकातून वाकून पलीकडे गेली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. भिंत खरंच गरम होती. विटा दिवसभर तापलेल्या होत्या. कुत्र्याला हे तिच्याआधी तीन महिने कळलं होतं.

ते फार बोलत नसत. चिरुमे मुखियाच्या शेळीबद्दल काही सांगत. ती गुटूला जाणाऱ्या बसच्या वेळा बदलल्याचं सांगे. एकदा ते, तिने काही न विचारता, म्हणाले, "मी त्या दिवशी गवताचं बोललो होतो ना. तुमच्या ह्यांना पुरलं तेव्हा."

"बोलला होता."

"मला तेव्हा तुमची काळजी वाटली होती. आणि बाहेर पडलं ते भलतंच."

माई शोराईने कुत्र्याच्या कानामागची एक गोचीड काढली, नखाने चिरडली.

"सत्तावीस वर्षं गोचिडांत, आणि ही दिसली नाही तुम्हाला," ती म्हणाली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वारे सुटले. मंगळवारी कुत्र्याने निम्मी पेज ठेवली. बुधवारी पाव खाल्ली. गुरुवारी सकाळी त्याने विटांवरच्या वाटीचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. तिने बोटावर दाण्याचं लोणी घेतलं. ते त्याने चाटलं, सावकाश, नंतर बोटही चाटलं. शेपटी हलली. दोन वाजता तो उठला. चार ठिकाणी थांबत, कुंपणाच्या भोकातून आपल्या पायाने गेला. ती त्याच्या मागे राहिली आणि तिने हात लावला नाही. तो भिंतीशी पोचला, एकदाच गोल फिरला आणि पडला.

"सकाळी खाल्लं नाही," ती बाकावर बसत म्हणाली.

"काहीच?"

"लोणी चाटलं. बोटावरचं."

"ते खाणंच झालं," चिरुमे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "निम्मं."

पाच वाजले. ती उठली नाही. सव्वापाचला चिरुमेंनी कुत्र्याजवळ टाच आपटली, हळू. त्याचा कान हलला. डोळे उघडले, भिंतीवरच्या उजेडाकडे पाहून मिटले.

"राहू दे," ती म्हणाली. "बरं वाटतंय त्याला."

"ऊन जाईल आता."

"पोती आणते." ती उठली, पण कुंपणाकडे गेली नाही. चिरुमेंच्या स्वयंपाकघराचं दार बंद होतं. एप्रिलनंतर ते तिथे शिरले नव्हते. बाहेर तीन दगडांवर कसंबसं शिजवून खात, हे तिला पलीकडून रोज दिसत होतं. "आत पातेलं आहे का?"

"आहे. सगळं तिने ठेवलं तिथेच आहे."

"पीठ?"

"डब्यात. जुनं असेल."

"दाण्याचं लोणी माझ्याकडून आणते. पेज इथेच करते, पातळ. इथल्या इथे ताजी मिळाली तर बघू काय करतो."

चिरुमेंनी किल्ली शोधली. ती सदऱ्याच्या खिशात होती. त्यांनी दार उघडलं आणि स्वतः बाहेरच थांबले. आत राख थंड होती, एप्रिलची. ओट्यावरची मडकी पुसलेली नव्हती. माई शोराईने आधी ओट्यापुढे बसून टाळी दिली, त्या घरच्या बाईला आपण कोण ते सांगितलं, कशाला आलो तेही सांगितलं. मग राख बाजूला ओढली, काटक्या रचल्या आणि फुंकर घातली.

मुखियांची बायको विहिरीवरून परत येत होती. चिरुमेंच्या छपरातून धूर निघताना तिने पाहिला, घागर खाली ठेवून नीट पाहिला, आणि मग घागर उचलून वाटेला लागली.

पावणेसहाला पेजेला उकळी आली. माई शोराईने वाटी भरली, वाऱ्यावर धरून कोमट केली, कडेला घरून आणलेलं लोणी लावलं. बाहेर चिरुमेंनी आपलं ब्लँकेट आणून कुत्र्यावर घातलं होतं आणि ते त्याच्या समोरच्या बाजूने, त्याला दिसतील असे, जमिनीवर बसले होते. भिंतीवरचं ऊन छपराच्या कडेपर्यंत चढलं होतं. विटा अजून गरम होत्या. तिने दोन विटा लावल्या, त्यांवर वाटी ठेवली आणि तीही समोर बसली.

ब्लँकेट वर होत होतं, खाली होत होतं. नाकपुड्या एकदा हलल्या. कुत्रा अजून उठला नव्हता.